यंत्र चालू आहे, पण नेटवर्कवर सापडत नाही: हरवलेला स्टॅटिक आयपी कसा शोधायचा

मृगाचा पहिला पाऊस नागपुरात विजा घेऊन येतो आणि मग जळलेले राऊटर बदलायची कामं निघतात. ब्रॉडबँडवाला येतो, नवा राऊटर लावतो, मोबाइलवर इंटरनेट चालू झालेलं दाखवतो आणि जातो. थोड्या वेळाने कळतं की प्रिंटर छापत नाही. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन ऑफिसच्या कॉम्प्युटरला सापडत नाही. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर दिसत नाही. आणि मागच्या खोलीत मॉनिटरविना चालणारा, सगळा हिशेब सांभाळणारा बिलिंगचा कॉम्प्युटर ‘नेटवर्कवर नाही’ असा निरोप येतो. दिवे लुकलुकताहेत, केबल जागेवर आहे, पंखा फिरतोय. मग बिघडलं काय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. त्या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता कुणालाच आठवत नसतो, एवढंच. बर्डीवरचं कापडाचं दुकान असो, धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब असो की बुटीबोरीतला छोटा कारखाना, घोळ हाच असतो आणि पहिला सल्लाही एकच मिळतो: रिसेट मारा. मला हा सल्ला फार घाईचा वाटतो. रिसेटने पत्ता सापडत नाही, पुसला जातो; आणि यंत्र कोणतं आहे त्यानुसार सोबत सेटिंग, युजर, कधी कधी साठवलेल्या नोंदीही जातात. खरं तर पत्ता यंत्राच्या आत शाबूत असतो. शिवाय यंत्र सुरू होताना बहुधा तो स्वतःहून केबलवर बोलून दाखवतं. आपल्याला तो ऐकता आला पाहिजे.

सोपा उपाय आधी. यंत्राला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडता येत असेल तर जोडा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की पत्ता समोर येतो. प्रिंटरला किंवा बायोमेट्रिकला स्वतःचा स्क्रीन असेल तर त्याच्या नेटवर्क मेनूत पत्ता असतोच. पुढचं सगळं, ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी. (लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.)

## पत्त्यात काय असतं

आयपी पत्ता म्हणजे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात.

नागपूरकराला यातली रचना समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे घराचा पत्ता ‘अमुक लेआउट, प्लॉट नंबर ४२’ असा असतो. आयपीचंही तसंच आहे: सुरुवातीचा भाग लेआउटचं नाव, उरलेला भाग प्लॉट नंबर. लेआउटचं नाव कुठे संपतं आणि प्लॉट नंबर कुठे सुरू होतो हे सांगणारी खूण म्हणजे सबनेट मास्क. छोट्या ऑफिसांत हा मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. त्याचा अर्थ, पहिले तीन आकडे लेआउट आणि शेवटचा प्लॉट. मग १९२.१६८.१ या लेआउटमध्ये १ ते २५४ हे प्लॉट यंत्रांना देता येतात. ० हा खुद्द लेआउटचा क्रमांक आणि २५५ सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव.

१९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी वेगळे काढलेले आहेत. १९९६ पासून जगभर हीच वाटणी चालते. त्यामुळे इतवारीतल्या दुकानातलं १९२.१६८.१.५० आणि हिंगणा एमआयडीसीतलं १९२.१६८.१.५० एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही पत्ते आपापल्या राऊटरच्या आतच राहतात.

पत्ता मिळायचे मार्ग दोन. फोन आणि लॅपटॉप यांना राऊटर स्वतः पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीपुरता. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. दुसऱ्या मार्गात माणूस यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने लिहितो, तो स्टॅटिक. ज्या यंत्राकडे इतरांनी यायचं असतं त्याला स्टॅटिक देतात, कारण प्रिंटरचा किंवा बिलिंगच्या कॉम्प्युटरचा पत्ता अधूनमधून बदलून चालत नाही. अडचण इथेच आहे. डीएचसीपीने वाटलेल्या पत्त्यांची नोंद राऊटरकडे असते. स्टॅटिकची नोंद फक्त त्या यंत्रात असते, आणि ज्याने ती लिहिली त्या माणसाच्या डोक्यात. तो माणूस नोकरी सोडून कधीच पुण्याला गेलेला असतो. राऊटरच्या डीएचसीपी यादीत तुमचं यंत्र दिसत नाही याचं कारणही हेच; ती यादी पाहून ‘यंत्र बंद आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

## आधी त्याच्याकडे जाणाऱ्यांना विचारा

कुठलंही सॉफ्टवेअर उतरवण्याआधी हे करा. हरवलेल्या यंत्राशी रोज बोलणारी दुसरी यंत्रं ऑफिसात आहेत आणि त्यांच्याकडे तो पत्ता लिहिलेला आहे. विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ नावाचा टॅब असतो. तिथे प्रिंटरचा आयपी बहुधा जसाच्या तसा दिसतो. काउंटरवरच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता असतो. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये मशीनचा असतो. ब्राउझरच्या हिस्टरीत १९२ टाइप करून बघा, कुणीतरी कधीतरी ते पान उघडलेलं असतं.

इतक्यावर पुष्कळ जणांचं काम भागतं. मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो, कारण यात काहीही मोडायची भीती नाही.

## पिंगला उत्तर नाही, म्हणजे यंत्र बंद?

पिंग ही नेटवर्कवरची ‘आहेस का?’ अशी हाक. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. ‘पिंग १९२.१६८.१.५०’ असं लिहिलं की त्या पत्त्यावरच्या यंत्राने उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते.

पण उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या निरोपांवरचा पहारेकरी, पुष्कळदा पिंग अडवतं. यंत्र ठणठणीत असतं आणि तरी गप्प बसतं. इथे लोक हात टेकतात, आणि नेमकं इथूनच खरं काम सुरू होतं, कारण पिंगच्या खाली आणखी एक थर आहे.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक ओळख दिलेली असते, तिला मॅक ऍड्रेस म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो आणि त्याचा पहिला अर्धा भाग कार्ड बनवणाऱ्या कंपनीला दिलेला असतो. केबलवरून जाणारा निरोप शेवटी या मॅकच्या आधारेच पोचतो. मग १९२.१६८.१.५० चा मॅक कोणता, हे कळायचं कसं? तुमचा कॉम्प्युटर सगळ्या लेआउटला ऐकू जाईल अशी हाक देतो: ‘पन्नास नंबर कोण?’ ज्याचा तो नंबर आहे तो आपला मॅक सांगतो. या हाक-ओ देण्याच्या पद्धतीला एआरपी म्हणतात. ती १९८२ पासून चालत आली आहे. या हाकेला उत्तर न देणाऱ्या यंत्राला त्याच नेटवर्कवर कुणाशी बोलताच येणार नाही. म्हणून पिंग अडवणारं नेहमीचं फायरवॉलसुद्धा एआरपीला हात लावत नाही.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. पत्ता तुमच्याच लेआउटमधला असेल तर त्याला पिंग करा, उत्तर येवो न येवो, आणि लगेच ‘एआरपी’ लिहून एक जागा सोडून उणे चिन्ह आणि ए अक्षर टाइप करा. जी यादी येईल तिच्यात तो पत्ता मॅकसह दिसला, तर यंत्र जिवंत आहे. ही यादी थोड्या वेळाने पुसली जाते, म्हणून उशीर करू नका.

विंडोजचं पिंग स्वतःही एक सुगावा देतं आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं आलं तर बहुतेक वेळा त्या प्लॉटवर कुणीच राहत नाही. एआरपीलाही ओ मिळालेली नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर घरात कुणीतरी असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त दार उघडलेलं नाही. दोन्ही संदेशांना ‘नाही चालत’ म्हणून एकाच मापाने मोजू नका.

## सगळे प्लॉट एकदम तपासायचे असतील तर

२५४ पत्त्यांना हाताने पिंग करत बसायची गरज नाही. अ‍ॅडव्हान्स्ड आयपी स्कॅनर आणि अँग्री आयपी स्कॅनर ही विंडोजवरची मोफत साधनं हे काम मिनिटाभरात करतात. एनमॅप हे त्यांच्यापेक्षा खोलवर जाणारं साधन. गॉर्डन लायन यांनी ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि आजही नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या हातात ते असतं. यादीत पत्त्यासमोर मॅक आणि त्यावरून ओळखलेली कंपनीही दिसू शकते. त्यामुळे प्रिंटर आणि कॅमेरे लगेच ओळखू येतात.

यादी लांब असेल आणि काहीच ओळखू येत नसेल, तर एकदा स्कॅन करा, मग हरवलेल्या यंत्राची केबल काढा आणि पुन्हा स्कॅन करा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की जो पत्ता गळला तोच तुमचा. केबल काढण्याआधी मात्र त्या यंत्रावर कुणाचं काम चालू नाही ना, एवढं विचारून घ्या. लॅबमध्ये एखादी तपासणी सुरू असताना हे करू नका.

## एकाच स्विचवर आहे, तरी दिसत का नाही?

राऊटर बदलल्यावरचा सगळा गोंधळ या एका प्रश्नात आहे. (स्विच म्हणजे ऑफिसातल्या लॅन केबल जिथे एकत्र जोडल्या जातात ती डबी.)

समजा जुना राऊटर १९२.१६८.१.१ होता आणि नवा १९२.१६८.०.१ आहे. तुमच्या लॅपटॉपने नव्या राऊटरकडून १९२.१६८.०.२३ हा पत्ता घेतला. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर मात्र हाताने लिहिलेला १९२.१६८.१.५० अजून तसाच आहे. तो तुमच्याच गल्लीत उभा आहे, पण त्याच्या दारावर जुन्या लेआउटची पाटी आहे.

आता तुम्ही १९२.१६८.१.५० ला हाक मारली की लॅपटॉप मास्क लावून बघतो, ‘हा तर दुसऱ्या लेआउटचा’ असं ठरवतो आणि गल्लीत हाकच देत नाही. निरोप राऊटरकडे देतो. नेटवर्कबाहेर जायच्या या दाराला गेटवे म्हणतात. राऊटरला ते लेआउट माहीत नाही आणि खासगी पत्त्यांना बाहेरच्या इंटरनेटवर वाट नाही. निरोप तिथेच संपतो. यंत्र हातभर अंतरावर, त्याच स्विचमध्ये, आणि तरीही न सापडणारं. नेहमीचा स्कॅनरही फक्त स्वतःच्याच लेआउटमध्ये फिरतो, म्हणून तोही रिकाम्या हाताने परत येतो.

जुनं लेआउट कोणतं असावं याचा अंदाज असेल तर उपाय सोपा आहे: लॅपटॉपला तात्पुरता त्या लेआउटचा पत्ता द्या. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयपी आवृत्ती ४ च्या सेटिंगमध्ये १९२.१६८.१.२४० आणि मास्क २५५.२५५.२५५.० लिहा, आणि मग स्कॅन करा. काम झालं की सेटिंग पुन्हा ‘आपोआप’वर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या ठिकाणी तुमचाच लॅपटॉप नेटवर्कवर दिसेनासा होईल.

अंदाज बांधायला कारखान्यातले पत्ते उपयोगी पडतात. घरगुती राऊटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ या लेआउटवर येतात. मायक्रोटिकचे राऊटर १९२.१६८.८८.१ वर असतात, हिकव्हिजनचे कॅमेरे बहुधा १९२.१६८.१.६४ वर, दाहुआचे १९२.१६८.१.१०८ वर, झेडकेटेकोची हजेरीची यंत्रं १९२.१६८.१.२०१ वर. बसवणाऱ्याने पत्ता बदलला नसेल तर इथेच भेट होते. शिवाय कॅमेऱ्यांच्या कंपन्या आपापली शोधणारी साधनं मोफत देतात. हिकव्हिजनचं एसएडीपी हे साधन लेआउट वेगळं असलं तरी त्याच केबलवरचा कॅमेरा शोधून त्याचा पत्ता दाखवतं.

## आता ऐकायचं

अंदाज बांधता येत नसेल तेव्हा विचारणं थांबवा. १९२.१६८ च्या पोटातच ६५,५३६ पत्ते आहेत आणि १० ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून जास्त. प्रत्येक दारावर थाप मारण्यापेक्षा यंत्र स्वतः काय बोलतंय ते ऐकणं कितीतरी सोपं आहे.

त्यासाठी वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. जेराल्ड कोम्ब्स यांनी ते १९९८ मध्ये इथेरियल या नावाने आणलं आणि २००६ मध्ये त्याचं नाव बदललं. केबलवरून जाणारा प्रत्येक निरोप ते वाचून दाखवतं. ऐकणाऱ्याचा स्वतःचा पत्ता काय आहे याला इथे काहीच महत्त्व नाही. तुमचा लॅपटॉप वेगळ्या लेआउटचा असला तरी चालतो. या पद्धतीची सगळी ताकद त्यातच आहे.

हरवलेलं यंत्र नीट शटडाउन करून बंद करा. मॉनिटर नसलेल्या कॉम्प्युटरचं पॉवर बटण एकदाच दाबून सोडलं की तो बहुधा रीतसर बंद होतो; प्लग खेचू नका, हिशेबाचा डेटाबेस त्यात खराब होऊ शकतो. मग त्याची लॅन केबल स्विचमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर मिळतं. पूर्वी दोन यंत्रं अशी थेट जोडायला क्रॉसओव्हर नावाची वेगळी केबल लागायची. आजची कार्डं साध्या केबलवर आपापसात जुळवून घेतात. दोन्ही बाजू खूप जुन्या असतील तर मध्ये एक छोटा स्विच ठेवा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, वायरशार्कमध्ये इथरनेट कार्ड निवडून ऐकणं सुरू करा, वरच्या फिल्टरच्या चौकटीत ‘एआरपी’ लिहा आणि मग यंत्राचं बटण दाबा.

यंत्र जागं होताना दोन गोष्टी करतं. पहिली, आपला नंबर दुसऱ्या कुणी वापरत नाही ना, याची खात्री. दुसरी, राऊटर कुठे आहे याची चौकशी. दोन्ही चौकश्या एआरपीने, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशाच होतात. वायरशार्कमध्ये ओळ येते ती अशी: ‘हू हॅज १९२.१६८.१.१? टेल १९२.१६८.१.५०’. मराठीत, ‘एक नंबर कोण? पन्नासला सांगा.’ यातला ‘टेल’ नंतरचा आकडा म्हणजे तुमचा हरवलेला पत्ता. समोर राऊटर नसल्याने उत्तर मिळत नाही, म्हणून यंत्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतं आणि वाचायला भरपूर वेळ मिळतो.

कधी ओळीत ‘टेल ०.०.०.०’ किंवा ‘एआरपी प्रोब’ असं दिसतं. गोंधळू नका, ती पहिली चौकशी आहे, आणि तिच्यात ‘हू हॅज’च्या पुढचाच आकडा यंत्राचा स्वतःचा असतो. तुमच्या लॅपटॉपच्याही काही ओळी मधे येतील. त्या मॅकवरून बाजूला काढा.

‘टेल १९२.१६८.१.५०’ सारख्या ओळीतला ‘टेल’ नंतरचा आकडा कागदावर लिहून घ्या, पण त्याच ओळीतला ‘हू हॅज’ नंतरचाही लिहा. तो जुन्या राऊटरचा पत्ता आहे आणि शेवटी त्याचीच गरज पडणार आहे.

## तेही गप्प राहिलं तर

काही साधी यंत्रं सुरू होताना फारसं बोलत नाहीत, विशेषतः गेटवे लिहिलेला नसेल तेव्हा. मग लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरची नेटडिस्कव्हर किंवा एआरपी-स्कॅन ही साधनं काढावी लागतात. ती वेगवेगळ्या लेआउटच्या पत्त्यांना थेट एआरपीची हाक देतात, मास्कचा विचार न करता, आणि बहुतेक यंत्रं त्या हाकेला ओ देतात. सगळं १९२.१६८ असं पिंजून काढायला काही मिनिटंच लागतात. लिनक्स नसेल तर पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स वापरता येतं, लॅपटॉपवर काही बसवावं लागत नाही.

विंडोजच्या कॉम्प्युटरचं नाव माहीत असेल तर पिंगच्या पुढे नाव लिहूनही बघा. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक कार्डाला नव्या पद्धतीचा, आयपी आवृत्ती ६ चा, एक स्थानिक पत्ता आपोआप मिळतो. जुना पत्ता जुळत नसतानाही यंत्र कधी कधी या दुसऱ्या वाटेने सापडतं.

## ‘सकाळी सापडतं, दुपारी सापडत नाही’

ही तक्रार वेगळी आहे आणि तिच्यासाठी पत्ता शोधत बसू नये. इथे बहुधा एकच पत्ता दोघांकडे गेलेला असतो. नव्या राऊटरला तुमच्या स्टॅटिक यंत्रांची कल्पना नसते; तो १९२.१६८.१.५० हा पत्ता एखाद्या ग्राहकाच्या फोनला देऊन मोकळा होतो. फोन दुकानात असेपर्यंत बिलिंग अडखळतं, ग्राहक गेला की सुरळीत. एआरपीची यादी दोन वेगळ्या वेळी काढून बघा. त्याच पत्त्यासमोर मॅक बदललेला दिसला तर निदान पक्कं.

आणि यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर थांबा. हा कुणी लिहिलेला पत्ता नाही. डीएचसीपीकडून काहीच मिळालं नाही तेव्हा यंत्र तो स्वतः घेतं. आपला स्टॅटिक पत्ता दुसऱ्याकडे आहे असं दिसलं तरीही विंडोज तिथेच जातं. म्हणजे दोष केबलमध्ये, राऊटरमध्ये किंवा पत्त्याच्या टकरीत शोधायचा.

## मोबाइलवरून जमणार नाही का?

फिंगसारखी ऍप सोप्या शोधाला पुरतात. मात्र पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असाल तर आतली यंत्रं मुद्दाम लपवलेली असतात. यादीत अनोळखी मॅकची गर्दी दिसली तर घाबरायचं कारण नाही: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर खरा मॅक न दाखवता बनवलेला मॅक वापरतात. हरवलेलं यंत्र केबलवर असेल तर शोधणाऱ्यानेही केबलवरच यावं, हे माझं ठाम मत आहे.

## हे हॅकिंग आहे का?

स्वतःच्या नेटवर्कवर, नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कवर मात्र गोष्ट बदलते. एकाच कॉम्प्लेक्समधली दुकानं कधी कधी एकाच स्विचवर असतात, आणि आयटी पार्कमधल्या सामायिक ऑफिसांत तर हे सर्रास असतं. तिथे शेजाऱ्याचे निरोपही तुमच्या वायरशार्कमध्ये येतील. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना त्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरल्यास भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून थेट केबल जोडून ऐकायची पद्धत मला दुहेरी चांगली वाटते: गोंधळ कमी, आणि दुसऱ्याचं काही कानावर पडत नाही. ऑफिस भाड्याचं असेल तर जो नेटवर्क सांभाळतो त्याला आधी सांगा.

## सापडल्यावर काय बदलायचं?

इथे बहुतेक लोक उलटं करतात. एकेक यंत्र शोधून त्याला नव्या राऊटरच्या लेआउटमध्ये आणतात. प्रिंटर बदलला की पाच कॉम्प्युटरवरचे पोर्ट बदला, बिलिंगचा पत्ता बदलला की प्रत्येक काउंटरचं सेटिंग बदला. त्यापेक्षा नव्या राऊटरलाच जुना पत्ता द्या. राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ केला, म्हणजे वायरशार्कमध्ये यंत्र ज्याला शोधत होतं तोच, की सगळी जुनी यंत्रं एका फटक्यात जागेवर येतात. काही ब्रॉडबँडच्या राऊटरवर ही सोय ग्राहकासाठी बंद असते; तेव्हा ब्रॉडबँडवाल्याकडून ते करून घ्या, आणि राऊटर बदलायला तो येईल तेव्हाच हे सांगितलेलं उत्तम.

त्याच पानावर डीएचसीपीची हद्द ठरवता येते. फोन आणि लॅपटॉपसाठी १०० ते १९९ ठेवा आणि स्टॅटिक यंत्रं त्याबाहेर. मग टक्कर होत नाही.

स्टॅटिकच नको, राऊटरमध्येच मॅकनुसार पत्ता राखून ठेवू, असं सुचवणारे पुष्कळ आहेत. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी त्यांचं म्हणणं मला पटतं. सगळी नोंद एका जागी राहते. पण राऊटर जळला की ती नोंदही जळते, हे विजेच्या दिवसांत ध्यानात ठेवायला हवं. बुटीबोरीतल्या कारखान्यात कॉम्प्युटर एखाद्या यंत्राला केबलवरून हुकूम देत असेल, तर ते काम राऊटर बंद असतानाही चाललं पाहिजे. तिथे स्टॅटिकच योग्य.

कोणताही मार्ग घ्या, यंत्राच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवा: आयपी, मास्क, गेटवे, मॅक आणि तारीख. पासवर्ड त्या चिठ्ठीवर नको. बायोमेट्रिक आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर ग्राहकांच्या नजरेसमोर असतील तर चिठ्ठी मागच्या बाजूला लावा, आणि तोच मजकूर मालकाच्या वहीतही लिहून ठेवा.